झेंडू, चिकू आणि मालिंत्सिन : मेक्सिकोतले दहा दिवस

२०२४ची दिवाळी मेक्सिकोत काढायची हे भाचीनं परस्पर ठरवून टाकलं. ती पुण्यात स्पॅनिश शिकवते. मी तीस वर्षं कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करून आता निवृत्त. "मावशी, पिरॅमिड बघून तू कंटाळशील हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "पण कोर्तेसचे दुभाषी जिथून गेले तिथून जाऊ की आपण." कोर्तेस म्हणजे १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला आलेला स्पॅनिश सरदार. मला एवढं पुरे झालं. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, त्यामुळे तोही घोर नव्हता.

दिवस पहिला, २३ ऑक्टोबर : मेक्सिको सिटी

शहर २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपट तरी उंच. मेट्रोचे जिने चढताना दम लागला तर वयाला दोष देऊ नका, दोन दिवसांत सरावतं.

मेट्रोत शिरल्या शिरल्या माझं काम सुरू झालं. इथे प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्र असतं. चापुल्तेपेकला नाकतोडा, कोयोआकानला कोयोट. मेशिका लोकांच्या पोथ्यांत गावांची नावं साधारण अशीच लिहीत. एक डोंगर काढायचा, त्यावर नाकतोडा बसवायचा आणि वाचायचं 'चापुल्तेपेक', नाकतोड्याचा डोंगर. (अ‍ॅझ्टेक हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. ते स्वतःला मेशिका म्हणवत, देशाचं नाव त्यावरूनच पडलं.) मी दोन स्टेशनं चुकले ती ही चित्रं बघण्याच्या नादात.

सोकालोच्या चौकात उतरलं की एका बाजूला कथेड्रल आणि त्याच्या कोपऱ्यापलीकडे जमिनीत उघडं पडलेलं तेंप्लो मायोर, मेशिकांचं मुख्य मंदिर. १९७८च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार रस्ता खोदत होते, त्यांच्या पहारीला सव्वातीन मीटर रुंदीचा एक गोल दगड लागला. त्यावर हातपाय तोडलेली चंद्रदेवता कोयोल्शाउकी कोरलेली होती. मग एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली सगळं उत्खनन झालं. पायऱ्यांवर पायऱ्या, एका मंदिरावर दुसरं चढवलेलं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. सरोवर बुजवून वसवलेलं शहर असल्यामुळे आजूबाजूच्या इमारती कलंडल्यात, कथेड्रलही सरळ उभं नाही. सोमवारी बहुतेक वस्तुसंग्रहालयं बंद असतात, बेत तसा आखा.

दुपारी चौकापासून दक्षिणेला चालत गेलो. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी मेशिकांचा राजा मोक्तेसुमा आणि कोर्तेस समोरासमोर आले ती जागा इथेच, हेसूस हॉस्पिटलाजवळ. रस्त्यावर मोबाइलच्या कव्हरांचे स्टॉल, कोपऱ्यावर मक्याची कणसं विकणारा, आणि भिंतीवर एक पाटी. एवढंच.

भेटीत बोलणं कसं झालं ते ऐका. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले. हेरोनिमो दे आगिलार हा १५११ मध्ये जहाज फुटून माया मुलखात अडकलेला स्पॅनिश माणूस ते माया भाषेत सांगे. मालिंत्सिन ही तरुणी मायातून नाहुआत्लमध्ये, म्हणजे मेशिकांच्या भाषेत. उत्तर उलट्या वाटेनं. तिची मातृभाषा नाहुआत्ल, पण दासी म्हणून ताबास्कोच्या माया लोकांकडे गेली होती, आणि १५१९ मध्ये लढाई हरल्यावर तिथल्या सरदारांनी कोर्तेसला वीस बायका नजर केल्या त्यांतली ती एक.

नाहुआत्लमधल्या वृत्तान्तात मोक्तेसुमा पाहुण्याला साधारण असं म्हणतो : दमून आलात, हे शहर आपलंच आहे, विसावा घ्या. कोर्तेसनं राजाला पत्र लिहिलं की यानं राज्य माझ्या हवाली केलं! दरबारी नाहुआत्ल अतिशय मार्दवाची भाषा, त्यात उलटं बोलून मान द्यायची रीत. आपणही दारात आलेल्याला 'घर तुमचंच आहे' म्हणतो, म्हणून तो काही सातबारा नावावर करून घेत नाही. गंमत म्हणजे आजही मेक्सिकोतला माणूस स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना 'तुमचं घर अमुक गल्लीत' असं म्हणतो. आमच्या टॅक्सीवाल्यानं असं म्हटल्यावर भाचीनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

शेजारच्याच चर्चमध्ये वेदीच्या डावीकडे भिंतीत कोर्तेसच्या अस्थी आहेत. लहानशी पाटी, नाव आणि दोन सालं. आत एक बाई फरशी पुसत होत्या. आम्ही पाटी शोधतोय हे कळल्यावर त्यांनी न बोलता फडक्यानंच दिशा दाखवली.

रात्री पहिली क्वेसादिया (सारण घालून दुमडलेली मक्याची पोळी) खाल्ली, उइत्लाकोचेची. उइत्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर पडणारी काणी. आपल्याकडे शेतकरी उपटून टाकतात ती इथे लसणीवर परतून खातात. काळीकुट्ट, चवीला अळंबीसारखी. मी परत मागवली. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना : घेवड्याची उसळ दिसली की लगेच हात घालू नका, ती बहुधा डुकराच्या चरबीत केलेली असते. 'सिन मांतेका', म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा.

दिवस दुसरा : त्लातेलोल्को

सकाळी थंडी आणि धुरकट ऊन. त्लातेलोल्कोच्या चौकात मेशिका मंदिराचे चौथरे, त्यांच्याच दगडांचं चर्च आणि मागे साठच्या दशकातल्या उंच इमारती. १३ ऑगस्ट १५२१ला शेवटचा राजा कुआउतेमोक इथे पकडला गेला आणि सुमारे अडीच महिन्यांचा वेढा संपला. त्याआधीच्या वर्षी देवीची साथ शहरात शिरली होती, मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइत्लाउआक तिनंच गेला. चौकातल्या शिळेवर लिहिलंय की हा विजयही नव्हता आणि पराभवही नव्हता, आजच्या मिश्र रक्ताच्या मेक्सिकोचा तो वेदनामय जन्म होता. भाचीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "छान लिहिलंय. ज्यांचं घर जळलं त्यांना विचारलं नव्हतं." याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्याचीही शिळा आहे. आजोबा तिच्याकडे पाठ करून बसले होते.

मला इथे यायचं होतं ते चर्चला लागून असलेल्या जुन्या मठासाठी. १५३६ मध्ये इथे मेशिका सरदारांच्या मुलांसाठी कॉलेज निघालं. मुलं लॅटिन शिकली, आणि बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्यानं त्यांना हाताशी धरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून माहिती गोळा केली. बारा भाग, पानाच्या एका बाजूला नाहुआत्ल, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मूळ प्रत इटलीत फ्लोरेन्सला आहे. शेवटच्या भागात शहर पडल्याची हकिकत हरलेल्यांच्या भाषेत आहे. दोन स्तंभ ताडून पाहणाऱ्यांना आढळतं की स्पॅनिश बाजू बऱ्याच ठिकाणी आखूड आहे. कोर्टात मी हे रोज बघायचे. साक्षीदार दहा मिनिटं बोलतो, कागदावर चार ओळी उतरतात.

दुपारी मानववंशशास्त्र संग्रहालय. चोवीस टनांचा सूर्यदगड वगैरे सगळं पाहिलं. संपूर्ण दिवस राखून ठेवा, आमचं अर्ध्या दिवसात काही झालं नाही.

दिवस तिसरा : चोलुला आणि त्लास्काला

पुएब्लाला मुक्काम ठेवून दोन्ही गावं केली. चोलुलाला आकारमानानं जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड आहे, पण दिसतो झाडीनं झाकलेल्या टेकडीसारखा, वर पिवळं चर्च. एका बाजूला चारशे मीटरच्या आसपास लांबी. ऑक्टोबर १५१९ मध्ये कोर्तेसनं इथे मोठी कत्तल केली. दगा होणार असल्याची खबर मालिंत्सिननं दिली असं सांगतात. वर चढून गेलो तर समोर पोपोकातेपेत्ल धूर सोडत बसलेला. नावच 'धुमसता डोंगर', पोपोका म्हणजे धुमसणं, तेपेत्ल म्हणजे डोंगर. भाची 'त्ल' म्हणायचा सराव करत होती. जिभेच्या कडांनी हवा सोडायची असते. परक्यांना आपला 'ळ' जसा छळतो तसा आपल्याला हा.

त्लास्काला आम्हाला चोलुलापेक्षा जास्त आवडलं. शांत, विटकरी रंगाचं गाव. पाचशे-सहाशे स्पॅनिश शिपायांनी साम्राज्य जिंकलं असं आपण वाचतो, पण त्यांच्याबरोबर त्लास्कालाचे हजारो योद्धे होते. मेशिकांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. त्यांची भाषाही नाहुआत्लच! सरकारी वाड्याच्या भिंतींवर देसिदेरिओ एर्नांदेस शोचितियोत्सिन यांची भित्तिचित्रं आहेत, त्यांत हा सगळा इतिहास त्लास्कालाच्या बाजूनं रंगवलाय. पहारेकऱ्याला विचारलं, तुम्हाला फितूर म्हणतात त्याचं काय? तो म्हणाला, "आम्ही मेक्सिकोविरुद्ध फितूर झालो नाही. तेव्हा मेक्सिको होताच कुठे?" बिनतोड.

दिवस चौथा आणि पाचवा : क्वेत्सालान

पुएब्लाहून चार तास म्हणाले होते, सात लागले. वाटेत गावकऱ्यांनी कसल्याशा मागणीसाठी रस्ता अडवला होता. तीन तास बस जागच्या जागी. एका बाईंनी टोपलीतून गरम तामाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, काढून बसभर विकले, कुणाची तक्रार नव्हती. पोचलो तेव्हा धुकं इतकं की चर्चची घंटा ऐकू येत होती आणि चर्च दिसत नव्हतं. उताराच्या गोट्यांच्या रस्त्यावर मी घसरले, कोपर खरचटलं. क्वेत्सालानला जाताना चांगल्या पकडीचे बूट आणि छत्री घ्याच. कोकणातल्या श्रावणासारखी झिमझिम दोन्ही दिवस चालू होती.

रविवारी इथे तियांगिस भरतो. शब्दही नाहुआत्ल, तियानकिस्त्ली म्हणजे बाजार. पांढऱ्या कपड्यातले पुरुष, भरतकामाच्या पांढऱ्या ओढण्यांतल्या बायका, जमिनीवर मांडलेली कॉफी, व्हॅनिलाच्या शेंगा, आणि फुलं. अख्खा रस्ता झेंडूनं पिवळा, मधूनमधून गडद लाल कोंबडा. क्षणभर मंडईत उभी आहे असं वाटलं. झेंडू मूळचा इकडचा. इथलं नाव सेम्पासुचिल, 'वीस फुलं'. निशिगंधही इथलाच. आपण देवाला वाहतो त्यातलं निम्मं परदेशी निघायचं. टोमॅटो, चॉकलेट, अव्होकाडो हे शब्द नाहुआत्ल आहेत हे माहीत होतं, चिकूही त्यातलाच हे भाचीनं इथे सांगितलं. झाडाच्या चिकाला नाहुआत्लमध्ये त्सिक्त्ली, त्याच फळाचं चिकोसापोते, आणि आपल्याकडे येईपर्यंत उरला चिकू.

एका आजीच्या फुलांसमोर मी उकिडवी बसले. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, शेजारी बारा-तेरा वर्षांची नात. मी भाचीला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे दसऱ्याला दाराला ह्याच फुलांचं तोरण लावतात." भाची स्पॅनिशमध्ये, नात नाहुआतमध्ये. (इथल्या बोलीत 'त्ल'चा 'त' होतो, म्हणून नाहुआत.) आजी दचकल्या, खूप काही बोलल्या. नातीनं त्याचं एक वाक्य केलं, भाचीनं चार शब्द : "तुमचे मेलेले दारातून येतात?"

इथे मृतांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या दारापासून आतपर्यंत पसरतात, त्यामुळे त्यांना तसंच वाटणार. मी म्हटलं, "नाही नाही, दिवाळीत लक्ष्मी येते." आता लक्ष्मीचं काय करायचं? भाची अडखळली, मग म्हणाली, पैशाची देवी. नातीनं ते पुढे दिलं. आजी इतक्या हसल्या की शेजारच्या कॉफीवाल्या बाईही वळून बघायला लागल्या. उत्तर फिरून माझ्यापर्यंत आलं : "पैसा दारातून येत असेल तर दोन जुड्या घ्या."

घेतल्या. पण माझ्या डोक्यात तो कोर्तेस आणि मोक्तेसुमाचा रस्ता. आमच्या साखळीत माणसं तेवढीच, फुलांवर बोलत होतो, तरी दोनदा घोळ झाला. तिथे तर राज्याचं बोलणं चाललं होतं.

निघताना नात मला 'नानत्सिन' म्हणाली. नान म्हणजे आई, आणि 'त्सिन' हा आदराचा प्रत्यय, आपल्या 'बाई'-'राव'सारखा, लाडानंही लावतात. मालिंत्सिनमधला त्सिन तोच. स्पॅनिश लोकांनी बाप्तिस्म्यात तिचं नाव मारिना ठेवलं, नाहुआत्लमध्ये 'र' नाही म्हणून मालिना, वर त्सिन. स्पॅनिश कानांनी त्याचं मालिंचे केलं. आज मेक्सिकोत मालिंचिस्ता ही शिवी आहे, परक्यांचे गोडवे गाणारा. मला ते पटत नाही. विकत दिल्या-घेतल्या गेलेल्या पोरीचं आपलं माणूस कोण होतं, की तिनं त्याच्याशी इमान राखावं? तिच्या काळच्या लोकांनी तर त्या दासीला त्सिन लावला होता.

संध्याकाळी कॉफी पिताना भाचीनं आणखी दोन सालं सांगितली. १५७०ला स्पेनच्या फिलिप राजानं नाहुआत्लला इथल्या मूळ रहिवाशांची अधिकृत भाषा ठरवलं, कारण पाद्र्यांना एक भाषा सोयीची. १७७०ला कार्लोस राजानं फर्मान काढलं की या सगळ्या भाषा संपवा. २०२०च्या जनगणनेत नाहुआत्ल बोलणारे सुमारे साडेसोळा लाख निघाले.

दिवस सहावा आणि सातवा : नुसता प्रवास

परतीचा रस्ता मोकळा होता. मग विमानानं युकातानमधलं मेरिदा.

दिवस आठवा : मेरिदा

विमानाचं दार उघडलं आणि मुंबईच्या ऑक्टोबरनं स्वागत केलं. इथे भाषा पूर्ण बदलते. माया ही एक भाषा नाही, जवळपास तीस भाषांचं कुटुंब आहे, आणि नाहुआत्लशी त्याचं काही नातं नाही. युकातानमधली माया सुमारे पावणेआठ लाख लोक बोलतात. भेटल्यावर 'बिश अ बेल' विचारायचं, म्हणजे शब्दशः 'तुझी वाट कशी आहे?' उत्तर 'मालोब', बरी. आमचे घरमालक माया बोलणारे, त्यांनी मला क आणि त हे घसा क्षणभर बंद करून सोडायला शिकवलं. मला उचकी लागल्यासारखं व्हायचं.

मुख्य चौकात युकातान जिंकणाऱ्या मोंतेहोचा वाडा आहे, १५४९चा. दारावर दोन दगडी स्पॅनिश शिपाई, त्यांच्या पायाखाली मुंडकी. आत आता बँक आणि संग्रहालय. १५४२ मध्ये माया शहराच्या दगडांतूनच हे मेरिदा उभं राहिलं. मेशिकांची राजधानी तेनोच्तित्लान दोन वर्षांत पडली, मायांना मात्र एक राजधानीच नव्हती, त्यामुळे त्यांचं शेवटचं राज्य नोहपेतेन हाती यायला १६९७ उजाडलं. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते!

पापाद्सुलेस जरूर खा. मक्याच्या पोळीत उकडलेलं अंडं आणि वर भोपळ्याच्या बियांचा हिरवा रस्सा. अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांची चंगळ.

दिवस नववा, ३१ ऑक्टोबर : मानी

मेरिदाहून गाडी करून शंभरेक किलोमीटर. छोटं गाव, भलामोठा मठ, समोर उन्हात तापलेलं पटांगण. १२ जुलै १५६२ला दिएगो दे लांदा या पाद्र्यानं इथे माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. अंजिराच्या सालीच्या कागदावरच्या पोथ्या. आज जगात चार उरल्यात. लांदानंच लिहून ठेवलंय की पुस्तकं जळताना लोकांना फार दुःख झालं, आणि त्याचं त्याला नवल वाटलेलं दिसतं.

पुढे छळाच्या तक्रारींवरून त्याला स्पेनला जाऊन जाब द्यावा लागला. तिथे त्यानं माया लोकांवर ग्रंथ लिहिला, त्यात माया 'मुळाक्षरं' नोंदवली. त्याची समजूत, आपल्यासारखीच ए-बी-सी असणार. तो 'बे' म्हणे, समोरचा माया लेखनिक 'बे' या उच्चाराचं चिन्ह काढे. आपण 'क' म्हणतो तेव्हा त्यात 'अ' असतोच, तशीच ती लिपी बरीचशी अक्षरांची. हा गोंधळ १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाला उमगला, आणि लिपी वाचायची वाट जाळणाऱ्याच्याच वहीतून निघाली.

त्या वहीत एक नमुन्याचं वाक्यही आहे. लांदानं लेखनिकाला काहीतरी लिहून दाखवायला सांगितलं असणार. त्यानं लिहिलं : 'मा इन काती'. मला नको आहे.

मठाच्या सावलीत बसून मी हे भाचीला तीनदा म्हणायला लावलं. तीस वर्षांत कितीतरी कागदांवर मला ते लिहावंसं वाटलं होतं.

दिवस दहावा, १ नोव्हेंबर : हानाल पिशान, आणि लक्ष्मीपूजन

हानाल पिशान म्हणजे जीवांचं जेवण. आपला पितृपक्ष महिन्यापूर्वी संपलेला, यांचा आज. घरमालकांच्या अंगणात खड्ड्यात निखारे, त्यावर दगड, केळीच्या पानात गुंडाळलेला पिब, म्हणजे मोठा तामाल, पुरून ठेवलेला. वर माती. दोन तास कुणी हात लावायचा नाही. आमच्यासाठी कोंबडीशिवायचा एक, चवळीसारख्या एस्पेलोन दाण्यांचा. उकरल्यावर जो वास सुटला तो पावसाच्या पहिल्या सरीचा आणि पानग्यांचा मिळून होता.

ओट्यावर त्यांच्या गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, संत्री, कॉफीचा कप. आणि चिकू! मी क्वेत्सालानहून बाळगलेला झेंडू, आता पार सुकलेला, तो वाहिला. भाचीनं बॅगेतून बेसनाचे लाडू काढले. मालकांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी माया भाषेत काही विचारलं. मुलानं स्पॅनिश केलं, भाचीनं मराठी : "हे कुणासाठी?"

मी म्हटलं, माझ्या आईसाठी. तीन वर्षं झाली.

नाव विचारलं. मी सांगितलं. म्हाताऱ्या बाईंनी ते दोनदा म्हणून बघितलं, मग लाडवाची बशी फोटोंच्या ओळीत सरकवली आणि आणखी काहीतरी विचारलं. पुन्हा तोच फेरा.

"तिखट चालतं का त्यांना?"

"कोल्हापूरची आहे म्हणावं," मी म्हटलं.

भाचीनं त्याचं स्पॅनिश काय केलं देव जाणे. आजीबाई उठल्या, आत गेल्या आणि लाडवांशेजारी हाबानेरो मिरचीच्या ठेच्याची वाटी आणून ठेवली.